स्मार्ट घराच्या सेटिंग्जचा बॅकअप स्क्रिप्टने घ्यायचा कसा आणि परत चढवायचा कसा

टास्मोटा (स्मार्ट डिव्हाइसमध्ये कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी टाकायचं फुकट फर्मवेअर) टाकलेले स्विच आणि प्लग घरात असतील तर आधी एक गोष्ट ऐका. टास्मोटात मुद्दाम ठेवलेली एक सोय आहे, डिव्हाइसमध्ये शिरायचा कुठलाच मार्ग उरला नाही तर त्याची लाइट, म्हणजे त्याला येणारी वीज, सहा वेळा चालू-बंद करायची, दर वेळी दहा सेकंदांच्या आत, आणि सातव्या वेळी चालू ठेवायची, की झालं, वायफायच्या नावापासून सगळ्या सेटिंग्ज पुसल्या जातात आणि डिव्हाइस कोरं होतं. सोय चांगलीच आहे, पण आपल्याकडे पावसाळ्यात जंपर सैल झाला किंवा सोसायटीच्या जनरेटरचा चेंजओव्हर अडखळला की लाइट नेमकी अशीच जाते-येते, जाते-येते करते, आणि भिंतीतल्या स्विचला काय कळणार की हे मुद्दाम केलंय की आपोआप झालंय. म्हणून पहिलं काम, प्रत्येक टास्मोटाच्या कन्सोलमध्ये (त्याच्या वेब पानावर कमांड टाइप करायची जागा) जाऊन सेटऑप्शन६५ १ अशी कमांड द्या म्हणजे ही सोय बंद होते. दोन मिनिटांचं काम आहे पण ते केल्याशिवाय पुढचं वाचू नका.

आता एवढं केलं तरी बाकीची संकटं आहेतच. अपडेट अर्धवट झालं, सर्जने प्लग जळाला आणि नवा आणावा लागला, राउटर बदलला, ज्या रास्पबेरी पायवर सगळं चालतं त्याचं एसडी कार्ड गेलं. फर्मवेअर कधीही फुकट परत मिळतं, नवा प्लग बाजारात मिळतो, पण त्यात तुम्ही वर्षभर बसून जे भरलंय ते कुठेच मिळत नाही. टास्मोटाच्या एका डिव्हाइसमध्ये सोळा टायमर असतात, रूलचे (हे झालं की ते कर अशा नियमांचे) तीन संच असतात, चिपच्या कुठल्या पिनला रिले (वीज जोडणारा-तोडणारा आतला स्विच) आणि कुठल्या पिनला बटण हे सांगणारं टेम्पलेट असतं, गीझर वीस मिनिटांनी आपोआप बंद व्हावा म्हणून टाकलेला पल्सटाइम असतो (तिथे १३०० लिहिलेलं असतं, कारण सेकंदात १०० मिळवून लिहायचे असतात, हे सहा महिन्यांनी कोणाच्या लक्षात राहतं?), लाइट परत आल्यावर स्विच चालू व्हावा की बंद राहावा ते असतं, वीज मोजणाऱ्या प्लगमध्ये त्या त्या प्लगचं कॅलिब्रेशन असतं. आणि कोरं झालेलं डिव्हाइस नुसतं कोरं नसतं, ते चुकीचं असतं. टास्मोटाचा मुळातला टाइमझोन आहे अधिक १ तास, म्हणजे आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, आणि सूर्योदय-सूर्यास्ताच्या हिशेबासाठी मुळात जे अक्षांश-रेखांश भरलेले असतात ते आहेत पॅरिसच्या आयफेल टॉवरचे! म्हणजे घाईघाईने वायफाय जोडून टायमर भरले आणि वाटलं झालं, तरी जिन्यातला दिवा भलत्याच वेळी लागणार.

तर हे सगळं दर आठवड्याला आपोआप उतरवून ठेवणारी स्क्रिप्ट कशी करायची ते सांगतो, मुख्य उदाहरण टास्मोटाचं घेतो कारण त्यात सगळ्यात जास्त खाचाखोचा आहेत, आणि शेली (स्मार्ट स्विचची कंपनी), डब्ल्यूएलईडी (एलईडी पट्ट्यांचं फर्मवेअर), झिगबी (वायफायऐवजी वेगळ्या बिनतारी पद्धतीने जोडणारे बल्ब-सेन्सर) यांचं काय वेगळं ते नंतर. कमांड मी इथे उच्चारावर लिहितोय, टाइप करताना इंग्रजीत करायच्या, आणि मोठी अक्षरं कुठे लागतात ते सांगितलं नसेल तिथे सगळी छोटी.

आधी यादी

चोवीस तास चालू राहणारं एक मशीन लागेल. रास्पबेरी पाय, जुना लॅपटॉप, काहीही, फक्त लिनक्स असू द्या. त्यावर बॅश (ज्यात स्क्रिप्ट लिहायची) आणि कर्ल (पत्ता दिला की फाइल आणणारी कमांड) असतंच, पायथन ३ नसेल तर टाका. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएलमध्येही (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) चालतं पण मग तो पीसी बॅकअपच्या वेळी चालू असला पाहिजे, त्यामुळे मला तरी ते पटत नाही.

स्क्रिप्टच्या आधी यादी. साधी टेक्स्ट फाइल, एका ओळीत एक डिव्हाइस, तीन गोष्टी स्वल्पविरामाने तोडून: नाव, आयपी, प्रकार. असं:

स्वयंपाकघर-एक्झॉस्ट,१९२.१६८.१.४१,टास्मोटा
गीझर,१९२.१६८.१.४२,टास्मोटा
हॉल-पट्टी,१९२.१६८.१.५१,डब्ल्यूएलईडी
बाल्कनी-दिवा,१९२.१६८.१.६१,शेली

(आकडे आणि नावं अर्थात इंग्रजीत, नावात स्पेस नको, कारण याच नावाची फाइल बनणार आहे.)

आयपी बदलत राहिले तर ही यादी पहिल्याच महिन्यात निकामी होईल आणि वाईट म्हणजे गीझरच्या नावाखाली भलत्याचाच बॅकअप उतरेल, म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक डिव्हाइसच्या मॅक ॲड्रेसला (त्याचा न बदलणारा हार्डवेअर क्रमांक) आयपी बांधून टाका. बहुतेक राउटरमध्ये याला ॲड्रेस रिझर्व्हेशन म्हणतात. डिव्हाइसच्या आत स्टॅटिक आयपी भरण्यापेक्षा हे बरं, कारण उद्या डिव्हाइस कोरं झालं तरी राउटर त्याला तोच आयपी देणार आणि तुम्हाला ते लगेच सापडणार. ही यादी करताना जे कंटाळतात त्यांना सांगतो, यादी म्हणजे अर्धा बॅकअप आहे. घरात नक्की किती आणि काय काय आहे हे कागदावर आल्याशिवाय परत उभं काय करणार?

टास्मोटाची फाइल कशी उतरते

ब्राउझरमध्ये डिव्हाइसचा आयपी टाका, पुढे तिरकी रेघ आणि डीएल. एंटर मारलं की एक छोटी फाइल डाउनलोड होते जिचं एक्स्टेंशन डीएमपी असतं, आकार सहसा ४०९६ बाइट. बस, हाच त्या डिव्हाइसच्या सगळ्या सेटिंग्जचा बॅकअप. मेन्यूतून कॉन्फिगरेशन, मग बॅकअप कॉन्फिगरेशन दाबलं तरी हीच फाइल येते, पण आपल्याला स्क्रिप्टमधून घ्यायची आहे म्हणून पत्ता माहीत हवा.

इथे जरा थांबा आणि विचार करा, हा पत्ता तुमच्या वायफायवर आलेला कोणीही उघडू शकतो, पाहुणाही, आणि त्या फाइलमध्ये तुमच्या वायफायचा आणि एमक्यूटीटीचा (डिव्हाइस ज्या पद्धतीने निरोप पाठवतात ती) पासवर्ड असतो. फाइल गिचमिड दिसते खरी पण ते नुसतं वरवरचं झाकण आहे, पुढे सांगतो त्या टूलने सेकंदात उघडतं. त्यामुळे वेबपासवर्ड, म्हणजे डिव्हाइसच्या वेब पानाचा पासवर्ड, लावलेला नसेल तर आजच लावा. युजरनेम तिथे ॲडमिन असंच राहतं.

ईएसपी३२ चिपवाल्या डिव्हाइसवर तुम्ही बेरी या भाषेतल्या स्क्रिप्ट वगैरे फाइल सिस्टिममध्ये ठेवल्या असतील तर त्या मॅनेज फाइल सिस्टिममधून वेगळ्या उतरवा, सेटिंग्जची फाइल आली म्हणजे त्याही आल्या असं धरून चालू नका.

स्क्रिप्टचा सांगाडा

बॅशमध्ये चाळीसेक ओळींत होतं. आधी यूमास्क ०७७ लिहा म्हणजे जे काही बनेल ते फक्त तुम्हालाच वाचता येईल. मग आजच्या तारखेचा फोल्डर बनवा, तारीख वर्ष-महिना-दिवस अशाच क्रमाने, कारण नावाप्रमाणे लावलं की आपोआप जुनं-नवं लागतं. मग व्हाइल आणि रीडने यादीतली एकेक ओळ वाचायची, आयएफएसमध्ये स्वल्पविराम दिला की नाव, आयपी, प्रकार तीन व्हेरिएबलमध्ये सुटे होतात, आणि केस लावून प्रकाराप्रमाणे कुठला पत्ता मागायचा ते ठरवायचं.

बरेच लोक सवयीने स्क्रिप्टच्या वर सेट वजा ई लिहितात, म्हणजे काहीही चुकलं की स्क्रिप्ट थांबावी. इथे ते नको. बाल्कनीतला दिवा कोणीतरी मेन स्विचवरून बंद केलेला असतो, तो उत्तर देत नाही, आणि त्याच्या पायी यादीतल्या पुढच्या वीस जणांचा बॅकअप राहून जातो. चुकलं तर त्याचं नाव एका यादीत टाकायचं आणि पुढे जायचं, शेवटी ती यादी छापायची आणि यादी रिकामी नसेल तर एक्झिट १ करायचं म्हणजे बाहेरून कळतं की काहीतरी बिनसलंय.

कर्लला चार गोष्टी नक्की द्या. एक, दोन डॅश आणि फेल, हे दिलं नाही तर पासवर्ड चुकला तरी कर्ल ते "अधिकार नाही" वालं पान गुपचूप तुमच्या बॅकअप फाइलच्या नावाने सेव्ह करतं आणि तुम्हाला वाटतं बॅकअप झाला. दोन, मॅक्स डॅश टाइम १०, नाहीतर बंद पडलेल्या डिव्हाइसची वाट बघत बसेल. तीन, रिट्राय २, कारण छोट्या चिपचं वायफाय कधीकधी पहिल्या हाकेला ओ देत नाही. चार, पासवर्ड कमांडमध्ये लिहू नका, नेटआरसी फाइलमध्ये ठेवा आणि नेटआरसी डॅश फाइल या ऑप्शनने तिचा पत्ता द्या, कारण कमांडमध्ये लिहिलेलं त्या मशीनवरच्या कोणालाही पीएसने (चालू असलेले प्रोग्राम दाखवणारी कमांड) दिसू शकतं.

फाइल थेट शेवटच्या नावाने उतरवायची नाही. आधी शेवटी डॉट पार्ट लावून उतरवा, मग तपासा, आणि पास झाली तरच एमव्हीने खरं नाव द्या. तपासायचं काय तर टास्मोटासाठी आकार, ४०९६पेक्षा कमी असेल तर नापास, आणि शेली किंवा डब्ल्यूएलईडीसाठी फाइल जेसन (माहिती साध्या मजकुरात मांडायची एक पद्धत) म्हणून वाचता येते का ते, त्याला पायथन ३ वजा एम जेसन डॉट टूल एवढं पुरतं, बिघडलेली असेल तर ते स्वतःच एरर देतं. हे तपासणीचं काम कोणी करत नाही म्हणून मी इतकं लांबवतोय. शून्य बाइटच्या फाइल्सनी भरलेला बॅकअप फोल्डर हा बॅकअप नसण्यापेक्षा वाईट, कारण त्याच्या भरवशावर आपण निर्धास्त असतो.

सेटिंग्जबरोबर फर्मवेअरचं व्हर्जनही लिहून ठेवा. टास्मोटाला तिरकी रेघ, सीएम, प्रश्नचिन्ह, सीएमएनडी, बरोबरचं चिन्ह, आणि मग स्टेटस (यातला एस मोठा), टक्का, २०, ० असं विचारलं की सगळी कुंडली जेसनमध्ये मिळते, ती त्याच नावाने शेजारी ठेवा. वेबपासवर्ड लावलाय तर हा पत्ता युजर आणि पासवर्ड पत्त्यातच मागू शकतो, अँड चिन्ह लावून, आणि पत्त्यात प्रश्नचिन्ह आणि अँड आलं की पूर्ण पत्ता अवतरणात ठेवायचा, नाहीतर शेल अँडचा अर्थ "हे मागे चालव" असा घेतं आणि तुम्ही शोधत बसता.

डीएमपी उघडून वाचता येईल असं करा

डीएमपी फाइल डिव्हाइसला समजते, माणसाला नाही. यासाठी डिकोड-कॉन्फिग नावाचं पायथनचं टूल आहे, पिप इन्स्टॉलने येतं. त्याला सोर्स म्हणून फाइल किंवा थेट डिव्हाइसचा आयपी द्यायचा, बॅकअप टाइप जेसन सांगायचा, आणि बॅकअप फाइलचं नाव. मग टायमर, रूल, टेम्पलेट सगळं उघडं वाचता येतं. मी म्हणेन दोन्ही ठेवा, डीएमपी पण आणि जेसन पण. तेच डिव्हाइस परत उभं करायचं असेल तर डीएमपी सगळ्यात सोपी, आणि दुसऱ्या डिव्हाइसवर त्यातलं थोडंच चढवायचं असेल तर जेसन.

याच टूलमध्ये आउटपुट फॉरमॅट म्हणून सीएमएनडी दिलं तर ते सगळ्या सेटिंग्ज टास्मोटाच्या कमांड म्हणून छापतं. ही यादी मला फार आवडते. कारण उद्या फाइल नाही चढली, व्हर्जन जुळलं नाही, काही झालं, तरी त्या कमांड कन्सोलमध्ये एकेक करून किंवा बॅकलॉग (बऱ्याच कमांड एकदम देणारी कमांड) लावून टाकता येतात (एका बॅकलॉगमध्ये तीसपर्यंत कमांड चालतात). सगळ्या फाइल गेल्या आणि फक्त ही एक छापील यादी उरली तरी घर उभं राहतं.

जेसन फाइल्स गिटमध्ये (फाइलमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारा प्रोग्राम) टाकल्या तर आणखी एक फायदा, गेल्या आठवड्यापासून काय बदललं ते गिट डिफने दिसतं, आणि "हा टायमर कोणी बदलला" हा घरातला वाद जागच्या जागी मिटतो. पण हे गिट फक्त तुमच्या मशीनवर. कुठल्याही ऑनलाइन रिपॉझिटरीत ढकलू नका, प्रायव्हेट असली तरी नको, त्यात पासवर्ड उघडे आहेत.

दर आठवड्याला चालवायचं आणि ठेवायचं कुठे

क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणारी लिनक्सची सोय) ओळ टाका: ० ३ * * ० आणि पुढे स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता. म्हणजे दर रविवारी पहाटे ३ वाजता. पूर्ण पत्ता अशासाठी की क्रॉनला तुमच्या टर्मिनलचा पाथ माहीत नसतो, हाताने चालवलं की चालतं आणि क्रॉनमध्ये पडतं यामागे निम्म्या वेळा हेच असतं, पायथनचं टूल व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये असेल तर त्याचाही पूर्ण पत्ता द्या. स्क्रिप्ट एक्झिट १ करून बाहेर पडली तर मेसेज यायला हवा, टेलिग्रामचा बॉट असेल तर एका कर्लमध्ये होतं, होम असिस्टंट (घरातली सगळी डिव्हाइस एका जागेवरून चालवणारा प्रोग्राम) असेल तर तिथला वेबहुक, म्हणजे हाक मारली की काम सुरू करणारा पत्ता. बॅकअप नीट झाला की दर आठवड्याला मेसेज नको, आपण तो वाचायचं सोडून देतो, फक्त बिघडलं तर.

जुने फोल्डर तीन महिन्यांनी पुसायचे असतील तर ते पुसणं स्क्रिप्टच्या अगदी शेवटी आणि आजचा बॅकअप पूर्ण पास झाला असेल तरच. नाहीतर डिव्हाइस मेलेलं असताना स्क्रिप्ट इमानेइतबारे दर आठवड्याला त्याचे जुने चांगले बॅकअप पुसत राहील.

आणि एक कॉपी त्या मशीनच्या बाहेर. पेनड्राइव्ह, दुसरा लॅपटॉप, क्लाउड, जे जमेल ते, पण क्लाउडवर जाणार असेल तर टार करून (सगळ्याची एक फाइल बांधून) जीपीजी या प्रोग्रामने कुलूप लावून मगच. त्या कुलपाचा पासवर्ड त्याच मशीनवरच्या फाइलमध्ये एकुलता एक ठेवू नका. कागदावर लिहा, घरातल्या कागदपत्रांच्या फायलीत ठेवा, आणि घरातल्या दुसऱ्या एका माणसाला सांगून ठेवा.

परत चढवताना

आता खरा भाग. इथे घाई करू नका.

सगळ्यात आधी सुरक्षितता. सेटिंग्ज चढल्या की डिव्हाइस रीस्टार्ट होतं आणि रिले खटकन चालू-बंद होऊ शकतो, शिवाय चढवलेल्या सेटिंगमध्ये जर "लाइट आल्यावर चालू हो" असं असेल तर तो चालू होणारच. गीझर, मोटर, इस्त्रीचा प्लग असं काही जोडलेलं असेल तर एमसीबी पाडा किंवा लोड काढा, मगच. बोअरची मोटर कोरडी फिरली तर स्मार्ट स्विचच्या शंभरपट खर्च येईल.

तेच डिव्हाइस असेल आणि फर्मवेअर तेच किंवा नंतरचं असेल तर सरळ आहे. कोऱ्या डिव्हाइसला पुन्हा वायफायवर आणा, त्याच्या पानावर कॉन्फिगरेशन, रिस्टोर कॉन्फिगरेशन, डीएमपी फाइल निवडा, स्टार्ट. रीस्टार्ट झालं की सगळं जागेवर. जुन्या व्हर्जनची फाइल नव्या फर्मवेअरवर चढते, नवं फर्मवेअर ती आपल्या पद्धतीत बसवून घेतं, उलटं मात्र करू नका, नव्याची फाइल जुन्यावर नको. शेजारी जी स्टेटसची फाइल ठेवायला सांगितली ती इथे कामाला येते, व्हर्जन आधी बघून घ्या. आणि ईएसपी८२६६ या चिपची फाइल ईएसपी३२वर चढवायचा विचारही नको.

वेगळं डिव्हाइस असेल, म्हणजे जळालेल्या प्लगच्या जागी नवा आणलाय, तर डीएमपी चढवताना तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, फाइलबरोबर टॉपिक (एमक्यूटीटीवरचं डिव्हाइसचं नाव), होस्टनेम (नेटवर्कवरचं नाव) आणि स्टॅटिक आयपी भरला असेल तर तोही येतो, त्यामुळे जुनं डिव्हाइस जिवंत असेल तर दोघं एकाच नावाने एमक्यूटीटीवर बोलायला लागतात, एकाला सांगितलं की दोघं ऐकतात. दुसरी, वीज मोजणाऱ्या प्लगचं कॅलिब्रेशन जुन्या तुकड्याचं येतं, व्होल्टेजकॅल, करंटकॅल आणि पॉवरकॅल हे आकडे प्रत्येक तुकड्याचे वेगळे असतात, मॉडेल तेच असलं तरी, म्हणून चढवायच्या आधी नव्याचे आकडे लिहून घ्या आणि नंतर परत टाका, नाहीतर युनिटचा हिशेब चुकत राहील. तिसरी, मॉडेल वेगळं असेल तर टेम्पलेट वेगळं, आणि चुकीचं टेम्पलेट गेलं की रिलेच्या पिनवर एलईडी समजून कारभार सुरू होतो. अशा वेळी डीएमपी बाजूला ठेवा, डिकोड-कॉन्फिगचा जेसन उघडा, त्यातले फक्त टायमर, रूल, पल्सटाइम, टाइमझोन, अक्षांश-रेखांश एवढे ठेवून बाकी काढा आणि तो अर्धा जेसन रिस्टोर फाइल म्हणून द्या. त्या टूलला पूर्ण फाइल लागत नाही, आहे तेवढंच बदलतं. आधी ड्राय-रन लावून चालवा, काय होणार ते सांगतं आणि डिव्हाइसला हात लावत नाही.

बॅकअपनंतर वायफायचा पासवर्ड बदलला असेल तर? मग जुनी फाइल चढवली की डिव्हाइस जुन्या वायफायला शोधत बसणार आणि तुम्हाला दिसणारच नाही. घाबरायचं नाही. फोनवर हॉटस्पॉट चालू करा, त्याला जुन्या वायफायचंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, अक्षर न अक्षर तेच, आणि बँड २.४ गिगाहर्ट्झ ठेवा कारण ईएसपी८२६६ला ५ दिसतच नाही. डिव्हाइस येऊन जोडलं जाईल, मग आत जाऊन नवा पासवर्ड भरा. राउटर बदलला आणि वीस-पंचवीस स्विच हरवले अशा वेळीही हीच युक्ती चालते, फक्त त्यावेळी सरळ नव्या राउटरलाच जुनं नाव आणि पासवर्ड दिलात तर कशालाच हात लावायला नको.

बाकीच्यांचं थोडक्यात

डब्ल्यूएलईडी सगळ्यात सज्जन. आयपीपुढे तिरकी रेघ आणि सीएफजी डॉट जेसन, आणि दुसरी फाइल प्रीसेट्स डॉट जेसन, दोन्ही घ्या, कारण एकीत वायरिंग आणि एलईडीची संख्या असते आणि दुसरीत तुम्ही दिवाळीसाठी बसवलेले रंग. परत चढवायचं ते कॉन्फिगमधल्या सिक्युरिटी अँड अपडेट्सच्या पानावरून. वायफायचा पासवर्ड या फाइलमध्ये नसतो, तो हाताने.

शेलीच्या दुसऱ्या पिढीपासून पुढच्या डिव्हाइसना तिरकी रेघ, आरपीसी, तिरकी रेघ, शेली डॉट गेटकॉन्फिग (एस, जी आणि सी मोठे) असं विचारलं की कॉन्फिगरेशन मिळतं. पासवर्ड लावला असेल तर कर्लला डायजेस्ट हा ऑप्शन द्यावा लागतो, साध्या ऑथेंटिकेशनने दार उघडत नाही. पण यात तीन गोष्टी येत नाहीत आणि बरेच जण इथे फसतात: वेळापत्रकं वेगळी, ती शेड्यूल डॉट लिस्टने मागायची, वेबहुक वेगळे, ते वेबहुक डॉट लिस्टने, आणि डिव्हाइसवर लिहिलेल्या स्क्रिप्ट वेगळ्या, त्या स्क्रिप्ट डॉट गेटकोडने, मोठी स्क्रिप्ट असेल तर तुकड्या-तुकड्याने येते आणि लेफ्ट या आकड्यात किती उरलंय ते सांगते, तो शून्य होईपर्यंत ऑफसेट वाढवत मागत राहायचं. चढवताना एक फाइल ढकलली असं नाही, स्विचसाठी स्विच डॉट सेटकॉन्फिग, असं प्रत्येक भागाला त्याचा त्याचा सेटकॉन्फिग पाठवायचा, आणि उत्तरात रीस्टार्ट रिक्वायर्ड खरं आलं तर शेवटी एकदा रीबूट. वायफायचा पासवर्ड इथेही येत नाही. पहिल्या पिढीच्या शेलीला फक्त तिरकी रेघ आणि सेटिंग्ज.

झिगबीटूएमक्यूटीटी (झिगबीची डिव्हाइस एमक्यूटीटीशी जोडणारा प्रोग्राम) असेल तर एकेका बल्बचा विचार सोडा, त्याचा डेटा फोल्डर सांभाळा. कॉन्फिगरेशन डॉट यामल, डेटाबेस डॉट डीबी आणि कोऑर्डिनेटर बॅकअपचा जेसन, या तिन्ही एकाच वेळच्या हव्यात, म्हणून स्क्रिप्टमध्ये आधी सर्व्हिस थांबवा, टार करा, परत चालू करा, पंधरा सेकंदांचा प्रश्न आहे. नेटवर्क की, म्हणजे झिगबी नेटवर्कची गुप्त किल्ली, यामल फाइलमध्ये असते. पहिल्यांदा बसवताना तिथे जनरेट असं लिहिलेलं असतं आणि प्रोग्राम सुरू झाल्यावर त्या जागी खरी की लिहिली जाते, त्यामुळे तुमच्याकडे ती सुरुवातीचीच फाइल जपून ठेवलेली असेल तर तिचा उपयोग नाही, ती चढवली की नवंच नेटवर्क बनेल आणि घरातला प्रत्येक बल्ब, प्रत्येक दाराचा सेन्सर स्टुलावर चढून पुन्हा जोडत बसावं लागेल.

होम असिस्टंटचा स्वतःचा बॅकअप चांगला आहे, २०२५च्या जानेवारीतल्या व्हर्जनपासून आपोआप बॅकअपची सोय नीट बसवली आहे, पण तो सहसा एन्क्रिप्ट केलेला असतो आणि त्याची की (किल्ली) हरवली तर उघडत नाही, तेव्हा इमर्जन्सी किट डाउनलोड करून मशीनच्या बाहेर ठेवा. होम असिस्टंट कंटेनरमध्ये (डॉकरसारख्या सोयीत) चालवणारे लोक नुसत्या यामल फाइल्स स्टार लावून कॉपी करतात, आणि डॉट स्टोरेज हा फोल्डर राहून जातो कारण टिंबाने सुरू होणारं काही स्टार धरत नाही. डिव्हाइसची नावं, खोल्या, युजर, सगळं त्या फोल्डरमध्येच असतं. पूर्ण फोल्डर टार करा.

जी डिव्हाइस फक्त कंपनीच्या ॲपमधून चालतात, त्यांच्या सेटिंग्ज कंपनीच्या सर्व्हरवर असतात आणि तिथे आपली स्क्रिप्ट पोचत नाही. ॲपमधल्या टायमरचे स्क्रीनशॉट त्याच बॅकअप फोल्डरमध्ये टाका, एवढंच हातात आहे.

एकदा करून बघा

एक स्वस्तातला स्पेअर प्लग घ्या, त्यावर काहीही न जोडता घरातल्या एका प्लगची डीएमपी चढवा (तो मूळ प्लग तेवढा वेळ काढून ठेवा), आणि मग तपासा: घड्याळ भारताची वेळ दाखवतंय का, नाही तर टाइमझोन +५:३०, अक्षांश-रेखांश तुमच्या गावचे आहेत का, पुण्याला १८.५२ आणि ७३.८६, टायमर चालू आहेत का, कारण एकेक टायमर आणि सगळ्या टायमरचा मिळून मुख्य स्विच असे दोन वेगळे असतात, रूल चालू आहेत का, पल्सटाइम आहे का, आणि सेटऑप्शन६५ १वरच आहे ना. सगळं ठीक असेल तर स्पेअरला रीसेट १ देऊन परत कोरा करा, त्याला डब्यात ठेवायच्या आधी त्यावर व्हर्जनची चिठ्ठी चिकटवा, आणि पुढच्या मोठ्या अपडेटनंतर त्याच्यावरच पुन्हा हे सगळं करा, कारण जुनी स्क्रिप्ट नव्या फर्मवेअरशी जुळते का हे कळायची ती एकच जागा आहे.

घरातलं सगळंच एकदम गेलं असेल तर क्रम असा: आधी राउटर आणि त्यातले बांधलेले आयपी (राउटरच्या सेटिंगचीही फाइल निघते, तीही याच फोल्डरमध्ये ठेवा), मग एमक्यूटीटी ब्रोकर (डिव्हाइसचे निरोप इकडून तिकडे पोचवणारा प्रोग्राम), मग झिगबीचा डेटा फोल्डर, मग होम असिस्टंट, आणि शेवटी एकेक स्विच-प्लग. उलट्या क्रमाने गेलात तर डिव्हाइस ब्रोकरला शोधत बसतात आणि तुम्हाला वाटतं बॅकअपच खराब आहे.